तपकिरी चरबी, बर्फाचा टब आणि गोव्याचा उकाडा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला थंड पाण्याच्या स्नानावरचा लेख मी वाचला आणि त्याच पानाच्या तळाशी छापलेली, किनारपट्टीवरच्या एका वेलनेस केंद्राची ‘बर्फाच्या टबात बसा, ब्राऊन फॅट जागवा, चरबी वितळवा’ ही जाहिरातही वाचली. दोन्हींची भाषा इतकी सारखी होती की लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे कळण्यासाठी मला चष्मा पुसून पुन्हा पाहावे लागले. उच्च माध्यमिक विद्यालयात तीसेक वर्षे जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे. ब्राऊन फॅट, म्हणजेच तपकिरी चरबी, हा माझ्या विशेष आवडीचा विषय. त्यामुळे या पत्राची लांबी आपण सोसून घ्याल अशी आशा आहे. तपकिरी चरबी हे थोतांड नाही, हे मी सुरुवातीलाच सांगतो. माझी तक्रार एवढीच आहे की तिच्याविषयी जे खरे आहे त्यातले अर्धेच छापले गेले, आणि जे अर्धे राहिले तेच गोव्यात राहणाऱ्या माणसाच्या अधिक कामाचे होते.

या चरबीची आणि माझी पुस्तकाबाहेरची गाठ काही वर्षांपूर्वी पडली. थोरल्या बहिणीला पेट-सीटी स्कॅनसाठी घेऊन गेलो होतो. एप्रिल महिना होता आणि बाहेर अंगाची लाही होत होती. तरीही इंजेक्शन दिल्यानंतर तिला ज्या खोलीत तासभर पडून राहायला सांगितले, तिथल्या परिचारिकेने तिच्या गळ्यापर्यंत जाड ब्लँकेट ओढले आणि बजावले, “मावशी, हे काढू नका हं. थंडी वाजली तर मान उजळते, आणि मग डॉक्टरांना वाचताना घोटाळा होतो.” ताईला वाटले, म्हाताऱ्या माणसाची काळजी घेताहेत. मला मात्र भर वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने अचूक उत्तर द्यावे तसा आनंद झाला. या तपासणीत किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि शरीरात ती कुठे जास्त खेचली जाते ते पाहतात. कर्करोगाची गाठ साखर अधाशासारखी ओढते म्हणून ती चित्रात उजळते, आणि थंडी वाजत असलेल्या माणसाच्या मानेतली, गळपट्टीच्या हाडांवरची तपकिरी चरबीही तशीच उजळते. तेव्हा तपासणी करणाऱ्यांच्या लेखी ही चरबी म्हणजे रिपोर्टमध्ये लुडबुड करणारी एक अडचण, आणि ब्लँकेट हा तिच्यावरचा साधा उपाय.

आता ही चरबी करते काय? पोटावर आणि कमरेवर साठते ती पांढरी चरबी म्हणजे कोठार. तिच्या प्रत्येक पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि अडीअडचणीला तो खर्ची पडतो. तपकिरी चरबीच्या पेशीत तेलाचे लहान लहान अनेक थेंब असतात, आणि त्यांच्या भोवती तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची, दाटी असते. या तंतुकणिकांमधल्या लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि दाट रक्तपुरवठ्यामुळे तिला तो तपकिरी रंग येतो. एरवी पेशी अन्नातली ऊर्जा वापरून तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते आणि ते परत येताना एटीपी हे शरीराचे ऊर्जेचे चलन तयार होते. तपकिरी चरबीत मात्र त्या पडद्यावर यूसीपी-१ नावाचे एक प्रथिन असते. ते प्रोटॉनना दुसरीच वाट मोकळी करून देते, त्यामुळे एटीपी तयार न होता सारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. वर्गात हे समजावताना मी साळावली धरणाच्या गोल सांडव्याचे उदाहरण देत असे: पाणी जनित्रावरून न जाता सांडव्यातून धो धो खाली पडले, तर वीज होणार नाही, नुसता आवाज आणि तुषार. साळावलीला वीज होतच नाही, हे दरवर्षी एखादा सांगे येथला मुलगा हात वर करून सांगायचा, आणि तो बरोबरच असायचा.

ही भट्टी पेटते ती मेंदूच्या हुकमावरून. त्वचेला गारवा लागला की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, नॉरअॅड्रेनालिन हे निरोप्या रसायन सोडते, चरबीच्या पेशी आपल्याच थेंबांतले तेल जाळू लागतात आणि इंधन कमी पडू लागले की रक्तातली साखर व स्निग्धाम्ले (चरबीचे घटक) ओढून घेतात. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीत खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेत आणि मूत्रपिंडांभोवती असलेली ही चरबीच त्याला ऊब देते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ती पुरेशी साठलेली नसते, म्हणून त्याला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात. आपल्या आज्या बाळाला टोपडे आणि कुंची घालून दुपट्यात करकचून गुंडाळत, त्यामागे यूसीपी-१ चे ज्ञान नव्हते हे उघड आहे, पण बाळाची शिल्लक उगाच जळू नये याची व्यवस्था मात्र होती. कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १५५१ साली मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यात ही ऊती पाहून ठेवली होती. मोठ्या माणसांत ती उरत नाही, असे आम्ही शिकलो आणि लाज वाटत असली तरी सांगतो, बरीच वर्षे तसेच शिकवलेही.

ती समजूत मोडली २००९ साली. त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात तीन शोधनिबंध आले. बोस्टनच्या गटाने इतर कारणांसाठी पेट-सीटी झालेल्या १,९७२ रुग्णांच्या तपासण्या चाळल्या, तेव्हा ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत सक्रिय तपकिरी चरबी दिसली. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या गटाने २४ तरुण पुरुषांना १६ अंशांच्या गारव्यात ठेवून तपासले, आणि त्यांपैकी २३ जणांत ती दिसली. फिनलंडमधील तुर्कूच्या गटाने ऊतीचे नमुने घेऊन ती खरोखर तपकिरी चरबीच आहे, याची खात्री केली. पहिल्या आणि दुसऱ्या निबंधांतल्या टक्केवारीत एवढा फरक का, याचे उत्तर ताईच्या ब्लँकेटात आहे: एकीकडे माणसे आरामशीर खोलीत होती आणि दुसरीकडे मुद्दाम गारठवलेली. मास्ट्रिख्टच्या त्याच अभ्यासात स्थूल पुरुषांमध्ये ही चरबी सडपातळ पुरुषांपेक्षा कमी सक्रिय आढळली. आपल्या लेखात यावरून सरळ ‘ब्राऊन फॅट झोपल्यामुळे लठ्ठपणा येतो’ असा निष्कर्ष काढला आहे. पण जाड माणसाच्या अंगावर चरबीचे पांघरूण आधीच असते, त्याला थंडीच कमी वाजते आणि म्हणून त्याची तपकिरी चरबी कमी पेटते, असेही असू शकते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्या आकड्यांतून ठरत नाही.

लेखकाने उंदरांचा दाखलाही दिला आहे. तो देताना ज्या प्रयोगाने मला सर्वात जास्त विचार करायला लावला, तो नेमका गाळला. यूसीपी-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर थंडीत गारठतात, पण नेहमीच्या प्रयोगशाळेत ते लठ्ठ होत नाहीत, हे १९९७ मध्ये दिसले आणि अनेकांची निराशा झाली. मग २००९ मध्ये स्वीडनमधील गटाने तसलेच उंदीर ३० अंशांच्या आसपास ठेवले. उंदराला त्या तापमानात ना थंडी वाजते ना उकडते. तिथे मात्र ते लठ्ठ झाले. प्रयोगशाळेतले २०-२२ अंश आपल्याला सुखद वाटतात, पण उंदीर त्यात सतत कुडकुडत असतो आणि इतर मार्गांनी ऊर्जा जाळत राहतो, त्यामुळे जनुक असण्या-नसण्यातला फरक झाकला जात होता. खोलीचे तापमान बदलले आणि त्याच प्राण्याचे उत्तर उलटे आले, हे ज्याच्या लक्षात आले तो माणूस कोणत्या हवेत राहतो हा प्रश्न विसरूच शकणार नाही.

आणि आपण कोणत्या हवेत राहतो? उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाला २८ अंशांच्या आसपास ना थंडी वाजते ना उकडते, आणि पणजीत किंवा मडगावात वर्षातला बराच काळ पारा त्याच परिसरात किंवा त्याच्या वर घुटमळतो. जानेवारीच्या पहाटे सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात शेकोटी पेटते खरी, पण नऊ वाजता स्वेटर काढून काखोटीला मारावा लागतो. म्हणजे आपल्या तपकिरी चरबीला हुकूम मिळण्याचे प्रसंगच थोडे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पाच तरुणांना चार महिने ठरावीक तापमानाच्या खोलीत झोपवले गेले: पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, तिसरा पुन्हा २४ आणि चौथा २७. एकोणीस अंशांच्या महिन्यात तपकिरी चरबीचा आकार सुमारे ४२ टक्क्यांनी वाढला, चोविसावर आल्यावर ती वाढ ओसरली आणि सत्ताविसावर आणखी घट झाली. २७ अंश म्हणजे आपली वैशाखातली रात्र. नव्या वातानुकूलन यंत्रांना कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देण्याचा केंद्रीय नियम २०२० पासून लागू आहे, तेव्हा एसी लावून झोपणाराही या प्रयोगाच्या पहिल्याच महिन्यात राहतो. एसी एकोणिसावर ठेवा, असा सल्ला मी देणार नाही. वीज बिलाचे सोडा, त्या पाच जणांचे वजनही त्या महिन्यात घटलेले नव्हते.

इथेच जाहिरातीतला ‘वितळवा’ हा शब्द गडबडतो. प्रौढ माणसाच्या शरीरातली तपकिरी चरबी ग्रॅममध्ये मोजण्याइतकी, बहुतेकांत शे-दीडशे ग्रॅमच्या आत. इतक्याशा भट्टीत कॅलरी जळतात खऱ्या, पण ती पेटल्यावर आपल्याला भूकही लागते आणि मिळवलेले तिथेच फेडले जाते. समुद्रात डुंबून आल्यावर दोन पाव जास्त जातात हे कोणाही गोमंतकीयाला सांगायला नको. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये काही तरुणांना सहा आठवडे रोज दोन तास हलक्या कपड्यांत १७ अंशांच्या खोलीत बसवले, तेव्हा त्यांची तपकिरी चरबी वाढली आणि अंगातली चरबी थोडी उतरली. यात बर्फ नव्हता आणि तीन मिनिटांचा टबही नव्हता. रोज दोन तास, दीड महिना. एवढे दामटून करायला कोणता वेलनेस केंद्राचा ग्राहक तयार होईल, ते मला माहीत नाही.

वजनापेक्षा साखरेची बाजू मला अधिक गंभीर वाटते आणि लेखात तिला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत सर्वाधिक. म्हणजे प्रत्येक चार प्रौढांमागे एकाहून जास्त. आपल्या लोकांची अडचण अशी की वजनाच्या काट्यावर बारीक दिसणारा माणूसही आतून चरबीयुक्त असू शकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी प्रा. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण एकाच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. हा फोटो मी वर्गात दाखवला की मागच्या बाकावरची कुजबुज थांबत असे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दक्षिण आशियाई वंशाचे १२ आणि युरोपीय वंशाचे १२ सडपातळ तरुण तुलनेला घेतले, तेव्हा पहिल्या गटात तपकिरी चरबीचे आकारमान ३४ टक्क्यांनी कमी भरले. बारा माणसांवरून आपल्या उपखंडाचे भविष्य वर्तवू नये, पण आपल्या मधुमेहाच्या कोड्यात हा एक धागा असू शकतो, हे तरी नोंदवायला हवे होते.

न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयातील ५२ हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासण्यांवर आधारलेला २०२१ चा अभ्यास या बाबतीत सर्वात मोठा. तपकिरी चरबी दिसणाऱ्यांत टाइप २ मधुमेह ४.६ टक्के, न दिसणाऱ्यांत ९.५ टक्के. आकडा बोलका आहे, पण तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. दुसरीकडे मास्ट्रिख्टच्या गटाने २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस १४-१५ अंशांच्या गारव्याची सवय लावली, तेव्हा त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. जाहिरातीत नेमका हाच आकडा मोठ्या टाइपात आहे. परंतु त्या निबंधात पुढे असेही लिहिले आहे की तपकिरी चरबीतला बदल किरकोळ होता आणि सुधारणेचे श्रेय मुख्यतः स्नायूंकडे जाते. स्नायूंना साखर ओढायला लावण्याचा उतारा शहरातल्या माणसाला पायी चालत पणजी बाजारात जाऊनही मिळतो, आणि त्याचे बुकिंग करावे लागत नाही.

औषधांचे सांगायचे तर, मूत्राशयाच्या तक्रारींवर दिले जाणारे मिराबेग्रॉन नावाचे औषध तपकिरी चरबीच्या पेशींवरच्या विशिष्ट बटणाला चालना देते. २०१५ मध्ये १२ निरोगी पुरुषांना ते २०० मिलिग्रॅम दिल्यावर त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च दिवसाला सुमारे २०३ कॅलरींनी वाढला. मात्र रुग्णांना सहसा २५ ते ५० मिलिग्रॅमच देतात आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके वाढतात. शरीरातली ऊर्जा नुसती उष्णता करून उधळण्याची कल्पना नवी मुळीच नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन वजन उतरवण्यासाठी विकले गेले. ते शरीरभरच्या तंतुकणिकांत सांडवे उघडते आणि वजन खरोखर उतरते, पण अनेकांना मोतीबिंदू झाले, अंगात आग भरून माणसे दगावली, आणि १९३८ मध्ये ते मानवी सेवनास अयोग्य ठरवले गेले. आजही ते इंटरनेटवर भलत्याच नावांनी विकले जाते. ‘चरबी जाळणारी’ गोळी मागवणाऱ्या तरुणांनी हे नाव लक्षात ठेवलेले बरे.

लेखाच्या शेवटी, ‘थंड पाण्याचे कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ असे वाक्य आहे. मला तेच सर्वात खटकले. एकदम बर्फाच्या पाण्यात उतरले की श्वास अचानक ओढला जातो, रक्तदाब चढतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्याने आणि मधुमेहामुळे पायांची जाणीव गेलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. आणि गोव्यात पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी बरेचजण या गटात बसतात. मी जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन करून विचारले की तुमच्या टबातले पाणी किती अंशांवर असते, ग्राहकाची आधी साखर किंवा रक्तदाब तपासता का, आणि टबात बसणाऱ्या किती जणांचे वजन मोजून ठेवले आहे. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितले, “काका, पहिले सेशन फ्री आहे. एकदा येऊन बघा ना.” तिचा यात दोष नाही, तिला तेवढेच सांगायला दिलेले असणार.

आपल्या दैनिकाला माझी विनंती मर्यादित आहे. आरोग्यविषयक लेख आणि जाहिरात एकाच पानावर आणि एकाच ठशात छापू नयेत, आणि संशोधनाचा आकडा दिला तर त्याच ओळीत किती माणसे होती, किती दिवस चालले आणि कोणत्या तापमानात, हेही द्यावे. पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल, तर जागेअभावी बाकी सारे गाळले तरी चालेल. एकोणीस अंशांवर वाढलेली आणि सत्तावीस अंशांवर आटलेली ती पाच माणसांची चरबी मात्र गाळू नये, कारण ती छापून येईल त्या दिवशी आपल्या बहुतेक वाचकांच्या घरातला पारा तिसाच्या वर असेल.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा